सगळंच अप्रतिम

डिसेंबर सरत आला की मराठीत याद्यांचा हंगाम सुरू होतो. वर्षभरात वाचलेली दहा पुस्तकं, पाहिलेले दहा चित्रपट, ऐकलेले दहा पॉडकास्ट. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, रील्स, व्हॉट्सॲपवरचे वाचनगट, सगळीकडे हेच. नावं दरवर्षी बदलतात, विशेषणं मात्र तीच राहतात. पुस्तक ‘अस्वस्थ करतं’, चित्रपट ‘अंतर्मुख करतो’ आणि दोन्ही ‘चुकवू नयेत असे’ असतात. याचा वैताग ‘साबर बोंडं’च्या वेळी टोकाला गेला. रोहन कानवडे यांच्या या चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरात तो आपल्याकडच्या पडद्यावर आला. मधल्या आठ महिन्यांत त्याची शिफारस करणाऱ्यांची रांग लागली, पण शिफारशीचं कारण बहुतेकांच्या लेखी एकच होतं : सनडान्स. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा मुलगा, त्याच्या लग्नाची चौकशी करणारे नातेवाईक, आणि लहानपणच्या सवंगड्याशी पुन्हा जुळणारं प्रेम. यात सुतकाचे नियम कथेचा कणा कसे होतात, कॅमेरा इतका स्थिर का ठेवला आहे, आणि त्या स्थिरतेचा कंटाळा कोणत्या प्रेक्षकाला येऊ शकतो, हे सांगायला कुणी थांबलं नाही. पुरस्काराची बातमी म्हणजे शिफारस, असा समज त्यातून पक्का झाला. हा समज खोटा आहे आणि मराठी वाचक-प्रेक्षकाला तो महागात पडतो, एवढंच इथे सांगायचं आहे.

महागात पडतो हे शब्दशः. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारा वाचक डोळ्यांसमोर आणा. नवी कादंबरी हातात घेऊन चार पानं चाळण्याची सोय दादरला किंवा ठाण्याला जितकी आहे तितकी त्याच्याजवळ नाही. तीन-चारशे रुपयांचं पुस्तक तो न पाहता मागवतो. मराठी चित्रपटाचा खेळ लागलाच तर अडनिड्या वेळेला लागतो, त्यासाठी त्याला रजा टाकावी लागते. ऐकण्यासाठी म्हणाल तर सीएसएमटीपर्यंतचा लोकलचा दीड तास, तोही उभ्यानं. या पट्ट्यात वाचनाची भूक नाही असं म्हणण्याची सोय नाही. बदलापुरात श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभं केलं आहे आणि जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं धुंडाळणारे अभ्यासक त्यासाठी वाट वाकडी करून बदलापूरला येतात. जुन्याची निगा राखणारं माणूस इथे आहे. नव्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, यासाठी मात्र इथला वाचक दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून आहे. म्हणून शिफारस हा फावल्या वेळचा खेळ मानता येत नाही. समीक्षेचा तो सर्वांत छोटा आणि सर्वांत जास्त वाचला जाणारा प्रकार आहे. दीर्घ समीक्षा विद्यापीठात वाचली जाते. खरेदी होते ती चार ओळींच्या शिफारशीवर.

या चार ओळी लिहिण्याची कला मराठीत होती, आणि तिचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे सतीश काळसेकर. ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा वाचलेल्या पुस्तकांवरच्या टिपणांना एवढा मान कशाला, असं कुणाला वाटलं असेल तर त्यानं ते पुस्तक पुन्हा उघडावं. लघु-अनियतकालिकांच्या चळवळीतून आलेला हा कवी, बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर पुस्तकं जमवणारा. त्यांच्या टिपणात पुस्तक कधी एकटं येत नाही. ते कुठे मिळालं, कुणी अनुवादलं, कुठल्या छोट्या प्रकाशकानं कशी उमेद धरून छापलं, त्याच विषयावर आधी काय आलं होतं, हिंदीत किंवा बंगालीत त्याला शेजार कोणाचा आहे, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. काळसेकर स्तुतीची विशेषणं फार वापरत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. एक पुस्तक सांगता सांगता ते आणखी चारांचा पत्ता देतात, आणि वाचक त्यांतलं कुठलंही उचलू शकतो. अगदी मूळ पुस्तक न घेतासुद्धा. आजच्या यादीत दहा नावं एकाखाली एक उभी असतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. काळसेकरांच्या एका टिपणात पाच नावं असतात आणि ती एकमेकांशी बोलत असतात. वाचकाला पुढचं पुस्तक स्वतः शोधता येईल इतकं हाती देणं, हे शिफारशीचं खरं काम. ते त्यांनी केलं, म्हणून त्यांची रोजनिशी टिकली.

दुसरं उदाहरण नंदा खरे यांचं. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘वाचताना, पाहताना, जगताना’ आहे. ‘उद्या’ या कादंबरीसाठी जाहीर झालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे; पण पुरस्काराला प्रमाणपत्र न मानण्याची ही वृत्ती त्यांच्या वाचनातही होती, हे कमी लोकांच्या ध्यानात आलं. स्थापत्य अभियंता असलेले खरे एखाद्या पुस्तकाकडे बांधकामाकडे पाहावं तसे पाहतात : भार कशावर आहे, कुठे तो पेलला नाही. विज्ञानावरचं पुस्तक असो, इतिहासाचं असो की कादंबरी, लेखकाचा युक्तिवाद ते वाचकासमोर उलगडून ठेवतात आणि जिथे पटत नाही तिथे तसं म्हणतात. त्यामुळे त्यांनी सुचवलेलं पुस्तक आपल्याला आवडलं नाही तरी फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही. कशासाठी सुचवलं होतं ते ठाऊक असतं. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ याच परंपरेतलं, पण तिथे पुष्कळदा सारांश शिफारशीवर मात करतो. इंग्रजी ग्रंथ मराठी वाचकाला सहज मिळत नव्हते तेव्हा त्या सारांशाचं मोल होतं, आज ते तेवढं उरलेलं नाही.

आणि मराठीतली सर्वांत धाडसी शिफारस कोणती विचाराल, तर विजय तेंडुलकरांची ‘गोलपिठा’ला लिहिलेली प्रस्तावना. १९७२ साल. नाटककार म्हणून तेंडुलकरांचं नाव झालेलं होतं. नामदेव ढसाळांचा हा पहिलाच संग्रह. तेंडुलकरांना सहज आशीर्वाद देता आला असता. त्याऐवजी त्यांनी आपल्याला कवितेतले पुष्कळ शब्द कळले नाहीत हे मान्य केलं, ढसाळांना त्यांचे अर्थ विचारले, त्यांच्याबरोबर गोलपिठ्याच्या वस्तीत हिंडले आणि हे सगळं प्रस्तावनेत मांडलं. स्वतःच्या अनुभवाची हद्द कुठे संपते हे सांगणारा शिफारसकर्ता वाचकाचा विश्वास मिळवतो, कारण वाचकही त्याच हद्दीच्या अलीकडे उभा असतो. त्याच्या तुलनेत आजच्या कवितासंग्रहांवरच्या पाठराखणी पाहा. दोन संग्रहांच्या पाठराखणींची अदलाबदल केली तर कवीलासुद्धा कळणार नाही. वर्तमानपत्रांत येणारं ‘साभार पोच’ हे सदर त्यापेक्षा प्रामाणिक म्हणायला हवं. पुस्तक पोचलं यापलीकडे ते कसलाही दावा करत नाही.

नकार देण्याची परंपराही आपल्याकडे होती. केशवराव भोळे ‘एकलव्य’ या नावानं गायकांवर लिहीत. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ला संगीत देणारा हा माणूस स्वतः गाण्यातला होता, त्यामुळे कुठल्या गायकाचा आवाज कुठे खुलतो, ताना कुठे केवळ सवयीनं येतात, बंदिशीचे शब्द कुठे चिरडले जातात, हे तो कानानं टिपून लिहू शकला. पुढे ‘ललित’मध्ये जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ झाले आणि साहित्यिकांच्या मोठेपणाला वर्षानुवर्षं टाचण्या लावत राहिले. दोघांनीही मुखवटा घेतला, कारण नाही म्हणायचं होतं. आज उलट आहे. शिफारस करणाऱ्याचा चेहरा पडद्यावर सतत दिसतो आणि तोंडून फक्त होकार येतो. चेहरा दिसतो म्हणूनच होकार येतो, हेही खरं. ज्याची शिफारस करायची तो लेखक आपल्या यादीत मित्र असतो, त्याच्या कार्यक्रमाला आपल्याला बोलावणं असतं आणि पुढच्या वर्षी त्याच्या यादीत आपलं पुस्तक असतं.

याचे परिणाम अलीकडच्या चांगल्या कामांवर काय होतात ते पाहू. कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीला २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यानंतर ‘विस्थापनाची कहाणी’ या दोन शब्दांत तिची बोळवण झाली. धरणामुळे उठलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात पुन्हा त्या रानात जातो आणि तोवर तिथली जित्राबं माणसाळलेली राहिलेली नसतात, हा कादंबरीचा गाभा. माणसाचं विस्थापन आणि जनावराचं रानटी होणं यांना खोत एकाच दोरीला बांधतात. त्यासाठी त्यांनी वापरलेली बोली सावकाश वाचावी लागते. पहिल्या पानांत दमछाक होते आणि ती होणारच. हे सांगितलं नाही तर ‘आवर्जून वाचा’ म्हणून पुस्तक घेतलेला वाचक तिसाव्या पानावर ते मिटतो आणि दोष स्वतःला देतो. देविदास सौदागर यांच्या ‘उसवण’चं याहून वाईट झालं. स्वतः शिलाईकाम केलेल्या या लेखकाला २०२४ सालचा युवा पुरस्कार मिळाला आणि सगळी चर्चा लेखकाच्या आयुष्यावर गेली. तयार कपड्यांनी गावच्या शिंप्याचं गिऱ्हाईक पळवलं, त्याचा हिशेब ही छोटी कादंबरी मांडते. पण लेखकानं सोसलं म्हणून वाचा, ही शिफारस लेखकाला लेखक मानत नाही. तयार कपडे अंगावर घालणारा जो वाचक त्या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला आहे, त्याला कादंबरी काय विचारते हे सांगायला हवं होतं. उल्हासनगरच्या पट्ट्यात, जिथे कपड्यांचा घाऊक धंदा आणि घरोघरची शिलाई शेजारी शेजारी चालते, तिथे ‘उसवण’ वेगळी वाचली जाईल. अशी जागा दाखवून देणं म्हणजे शिफारस.

ऐकण्याच्या बाबतीत अवस्था सर्वांत दीनवाणी. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं मोठ्या संख्येनं आली, पण शिफारस करणारे पुस्तकाचंच नाव घेतात. वाचलं कुणी आणि कसं, याबद्दल अक्षर नाही. अभिवाचनाची परंपरा असलेल्या भाषेत ही गोष्ट लाजिरवाणी आहे. संवाद आला की आवाज किती बदलायचा, निवेदनाचा वेग कुठे धरायचा, बोलीतले हेल प्रमाणभाषेच्या जिभेनं उच्चारले तर काय बिघडतं, हे ठरल्याशिवाय श्राव्य पुस्तकाचं मोल ठरत नाही. लोकलच्या खडखडाटात ऐकणाऱ्याला तर ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मैफलींच्या वृत्तांतांबद्दल बोलायचंच नाही. सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून सुरू आहे आणि वृत्तांतातले रसिक अजूनही मंत्रमुग्धच आहेत. पॉडकास्टमध्ये पाहुणा यजमानाला थोर म्हणतो, यजमान पाहुण्याला.

पाहण्याच्या शिफारशी संख्येनं सर्वांत जास्त आणि आशयानं सर्वांत पोकळ. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ मार्च २०२५ मध्ये आला. मुलगी बघण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा, जवळजवळ त्याच प्रश्नांनिशी, दाखवण्याचा निर्णय हे त्या चित्रपटाचं बळ आहे आणि काही प्रेक्षकांच्या दृष्टीनं तीच त्याची अडचण. शिफारशींत मात्र ‘समाजाला आरसा’ एवढंच. चित्रपट जाऊ द्या. अंबरनाथच्या शिवमंदिराचं काय? शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं शिलाहारकालीन देऊळ, भूमिज शैलीचं. ‘शिल्पकलेचा अप्रतिम नमुना, एकदा अवश्य पाहावा’ या वाक्यापलीकडे सहलीच्या शिफारशी जात नाहीत. गाभारा सभामंडपापेक्षा पुष्कळ खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. वर शिखर पुरं नाही, त्यामुळे गाभाऱ्यात उभं राहून आकाश दिसतं. एवढं सांगितलं तरी पाहणाऱ्याचे पाय आणि मान योग्य दिशेला वळतील. कुमुद कानिटकरांनी या देवळावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे, म्हणजे काय पाहावं हे सांगणारं माणूस नाही अशी सबबही चालणार नाही. नऊशेहून अधिक वर्षं उभ्या असलेल्या दगडाची जर ही गत, तर दोन आठवडे चालणाऱ्या चित्रपटाचं काय होणार?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, चित्रपट दोन आठवड्यांत उतरतो, अशा नाजूक बाजारात दोष काढत बसलात तर उरलंसुरलंही बुडेल, म्हणून चांगलं तेवढं सांगावं. हा युक्तिवाद प्रेमानं केला जातो म्हणून त्याला उत्तर देणं अवघड वाटतं, पण तो उलट्या दिशेनं काम करतो. लहान बाजारात ग्राहक पुन्हा येण्यावर सगळं चालतं. दहा वेळा ‘चुकवू नये’ ऐकून आठ वेळा पस्तावलेला वाचक अकराव्या वेळी येत नाही, आणि तेव्हा हातात ‘रिंगाण’ असेल तर नुकसान खोतांचं होतं. खोट्या कौतुकाची किंमत वाईट पुस्तकाला मोजावी लागत नाही, ती चांगल्या पुस्तकाच्या खात्यावर पडते. दुसरा आक्षेप आवडीनिवडीचा : मला आवडलं ते मी सांगितलं, यात समीक्षा कशाला? आवड व्यक्तिगत असते, मान्य. पण जाहीर केली की ती दुसऱ्याच्या खिशात हात घालते, आणि मग कारण द्यावं लागतं. कारण नसलेली आवड यंत्रालाही कळते. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब आपण पाहिलेलंच थोडं फिरवून पुन्हा पुढ्यात ठेवतात. माणसानं शिफारस करायची ती याच्या पलीकडचं काही सुचवण्यासाठी. तेवढं जमत नसेल तर यंत्र पुरेसं आहे, आणि ते निदान ओळखीपाळखी सांभाळत नाही.

तिसरा आक्षेप खरा गंभीर आहे. जुने शिफारसकर्ते पुण्या-मुंबईचे, उच्चवर्णीय, मूठभर. त्यांच्या चाळणीतून फार मोठं लेखन खाली गळून गेलं. आता कुणालाही शिफारस करता येते, तर तुम्हाला पुन्हा चोपदार हवेत का? चाळणी सदोष होती हे नाकारण्यात अर्थ नाही. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ मध्ये आला तेव्हा त्याला तोलायला मध्यमवर्गीय समीक्षेकडे मापंच नव्हती. पण तो दोष दूर कसा झाला ते पाहा. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेहून ‘अस्मितादर्श’ चालवलं ते सरसकट पाठ थोपटण्यासाठी नव्हे. तिथे नवे लेखक पुढे आले आणि त्यांच्यावर कडाडून वादही झाले. ‘ग्रंथाली’नं १९७८ मध्ये ‘बलुतं’ आणि पुढे ‘उपरा’ वाचकांपर्यंत नेली ती वाचक चळवळ उभारून, म्हणजे वाचकाशी बोलून. वंचित लेखकाला सवलतीचं कौतुक देणं हा त्याचा अपमान आहे. त्याच्या लेखनाशी बरोबरीनं भांडणं हा सन्मान. भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मध्ये प्रस्थापितांवर जी तलवार चालवली, तीच आजच्या सर्वांवर चालवण्याची तयारी हवी, नेमाड्यांच्या अनुयायांवरही. चोपदार नकोतच. हवे आहेत ते बुवापाड्यातून, विठ्ठलवाडीतून, बदलापुरातून लिहिणारे असे लोक, ज्यांना ‘हे पुस्तक आमच्याकडे का चालणार नाही’ असं सकारण म्हणता येतं. लोकशाही ती; सगळ्यांनी मिळून एकाच वेळी ‘अप्रतिम’ म्हणणं हा झुंडीचा होकार आहे.

मराठीतली शिफारस आज समीक्षेच्या बाजूनं उभी नाही, जाहिरातीच्या बाजूनं उभी आहे, आणि जाहिरातीचे पैसेही तिला मिळत नाहीत. लेखकांनी आणि प्रकाशकांनी हे बदलावं अशी अपेक्षा व्यर्थ आहे, कारण होकारात त्यांचं हित गुंतलेलं आहे. बदलू शकतो तो फक्त वाचक. तेव्हा पुढच्या डिसेंबरात कुणी दहा नावांची यादी तुमच्यापुढे ठेवली, तर पुस्तक मागवण्याआधी त्याला एकच विचारा : यंदा वाचलेलं कोणतं पुस्तक तुम्हाला आवडलं नाही, आणि का? नाव आणि कारण दोन्ही मिळालं तर यादी जपून ठेवा. नाही मिळालं, तर पैसे जपून ठेवा.